दखलपात्र आणि अदखलपात्र : पोलिसांच्या अग्रक्रमाचा कायदेशीर इतिहास

प्रस्तावना :
पोलीस दलाचे मनुष्यबळ व साधने मर्यादित असतात. त्यामुळे कोणत्या घटनेकडे प्रथम धाव घ्यावी, हा प्रश्न ठाणे अंमलदारापुढे नित्याचाच असतो. तथापि भारतात या प्रश्नाचे पहिले उत्तर ठाण्यात नव्हे, तर कायद्याच्या परिशिष्टात दिले गेले. प्रस्तुत लेखात या वर्गवारीचा मागोवा घेतला आहे.

वसाहतकालीन पाया :
१८५७ च्या उठावानंतर भारतीय दंड संहिता (१८६०), पोलीस अधिनियम (१८६१) व फौजदारी प्रक्रिया संहिता (१८६१) अस्तित्वात आल्या. प्रक्रिया संहितेच्या परिशिष्टात प्रत्येक गुन्ह्यासमोर पोलिसांना वॉरंटशिवाय अटक करता येईल किंवा नाही, हे नमूद केलेले होते. मुंबई इलाख्यात १८६७ च्या ग्राम पोलीस अधिनियमाने खबर व पहाऱ्याचा प्राथमिक भार पोलीस पाटलावर ठेवला. पगारी दलाची शक्ती अशा रीतीने निवडक गुन्ह्यांसाठी राखली गेली.

वर्गवारीचे निकष :
ही विभागणी केवळ गुन्ह्याच्या गांभीर्यावर आधारलेली नव्हती. १९७३ च्या संहितेनुसार सार्वजनिक ठिकाणची मारामारी कमाल एक महिना शिक्षेची असूनही दखलपात्र होती. एक वर्षापर्यंत शिक्षा असलेली साधी दुखापत मात्र अदखलपात्र. तीन वर्षे शिक्षेची चोरी दखलपात्र, तर सात वर्षे शिक्षेचा द्विभार्या विवाह अदखलपात्र. म्हणजेच सार्वजनिक शांतता व मालमत्ता यांना अग्रक्रम मिळाला. घरात मार खाणाऱ्या स्त्रीच्या तक्रारीची बहुधा 'एन.सी.' म्हणून नोंद होई व तिला दंडाधिकाऱ्याकडे जाण्यास सांगितले जाई. त्यांच्या आदेशाविना पोलिसांना तपासच करता येत नसे.

बदलाचे टप्पे :
स्त्री चळवळीच्या रेट्यानंतर १९८३ मध्ये दंड संहितेत कलम ४९८-अ समाविष्ट झाले. पीडित स्त्री अथवा तिच्या नातेवाइकांनी खबर दिल्यास पती व सासरच्यांकडून होणारी क्रूरता दखलपात्र ठरली. २०१३ मध्ये ललिता कुमारी प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने दखलपात्र गुन्ह्याची खबर नोंदविणे बंधनकारक ठरविले. मात्र वैवाहिक वादांसह काही प्रकरणांत प्राथमिक चौकशीस मुभा ठेवली. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या नव्या संहितांत ५,००० रुपयांपेक्षा कमी किमतीच्या मालमत्तेची चोरी अदखलपात्र झाली. साधी दुखापत पूर्ववत अदखलपात्रच राहिली.

निष्कर्ष :
पोलिसांचा अग्रक्रम ही निव्वळ प्रशासकीय बाब नाही. कोणाच्या हानीसाठी राज्यसंस्थेने आपली शक्ती खर्च करावी, याविषयीचा तो पूर्वनिर्णय आहे. किमतीच्या निकषाने ठाण्यावरील भार हलका होऊ शकेल. परंतु मजुराची जुनी सायकल किंवा स्वस्त मोबाईल त्याच्या उपजीविकेचे साधन असू शकते, हे रुपयांतील मर्यादेला दिसत नाही. अपुऱ्या मनुष्यबळामुळे निवड अपरिहार्य असली, तरी निवडीचे निकष अपरिहार्य नसतात. १९८३ चा बदल याची साक्ष देतो.