टोमॅटोची भीती : मुतखड्यापासून 'तिरंगा'पर्यंत

एरंडोलमध्ये ऊन तापू लागले की माझ्या ओपीडीत मुतखड्याचे पेशंट वाढतात. कमरेतून जांघेकडे जाणारी कळ, हातात सोनोग्राफीचा रिपोर्ट आणि पहिला प्रश्न ठरलेला : "डॉक्टर, टमाटे बंद करू ना?" बहुतेकांनी ते आधीच बंद केलेले असतात. "पाणी किती पिता?" असे विचारले, तर उत्तर येते, "शेतात कुठं जमतं साहेब!"

टोमॅटोला घाबरणारे तुम्ही पहिले नाही. हे फळ मूळचे अमेरिका खंडातले. सोळाव्या शतकात स्पॅनिश लोकांनी ते युरोपात नेले. १५४४ मध्ये मात्तिओली या इटालियन वैद्याने त्याचे वर्णन केले, पण त्याला विषारी वनस्पतींच्या शेजारी बसवले. त्याचे अगदीच चुकले असे नाही. टोमॅटो ज्या कुळातला, त्याच कुळात आपला धोत्राही येतो. मात्र वांगी, मिरची, बटाटा हेही त्याच घरातले. म्हणजे ज्या भरितासाठी जळगाव जिल्हा ओळखला जातो, ते वांगे टोमॅटोचे चुलत भावंडच. इटली-स्पेनमध्ये लोक टोमॅटो खाऊ लागले तरी इंग्लंडमध्ये तो बराच काळ बागेची शोभा म्हणूनच राहिला.

आपल्याकडे तो पोर्तुगीजांबरोबर आला असे मानतात. बंगालीत त्याला 'बिलाती बेगुन', म्हणजे विलायती वांगे म्हणत. मराठीत 'वेलवांगी' असे नाव होते. वऱ्हाडात आजही कुणी 'भेदरं' म्हणते. सोवळ्याच्या घरांत मात्र तो लवकर शिरला नाही. माझ्या आजीने तो शेवटपर्यंत ओट्यावर येऊ दिला नाही. का, तर कापल्यावर मांसासारखा दिसतो! तिची आमटी चिंचेवरच आंबट व्हायची. (आणि खरे सांगायचे तर ती चवीला सरस होती.)

भीतीच्या उलट टोकही लोकांनी गाठले. १८३४ मध्ये अमेरिकेत बेनेट नावाच्या डॉक्टरने टोमॅटो हे अपचनावर आणि यकृताच्या विकारांवर औषध असल्याचे सांगितले. पाठोपाठ टोमॅटोच्या गोळ्या बाजारात आल्या आणि खऱ्या गोळ्या कुणाच्या, यावर विक्रेत्यांची भांडणे जुंपली. आजच्या लायकोपीनच्या कॅप्सूल पाहिल्या की मला त्या गोळ्या आठवतात.

आता आपल्या महाराष्ट्रातली, ताजी गोष्ट. मे २०२०, कोरोनाचे लॉकडाऊन. नगर, पुणे, सातारा या भागांत टोमॅटो एकसारखे लाल न होता पिवळे-हिरवट चट्टे घेऊन पिकू लागले. शेतकऱ्यांनी त्याला 'तिरंगा' म्हटले. टीव्हीवर त्याचा असा काही गाजावाजा झाला की हा विषाणू माणसालाही धरतो, असे लोकांना वाटले. आधीच बाजार बंद, त्यात गिऱ्हाईक हात लावेना. बेंगळुरूच्या भारतीय बागवानी संशोधन संस्थेत नमुने तपासले, तेव्हा त्यांत काकडीवर येणारा मोझॅक विषाणू सापडला. मावा किडीमार्फत तो झाडांवर पसरतो. माणसाच्या पेशीत शिरायला विषाणूला योग्य किल्ली लागते. वनस्पतींच्या विषाणूकडे ती नसते. खुलासा झाला, पण तोवर शेतकऱ्याचे नुकसान होऊन गेले होते.

मुतखड्याची भीती याच जातीची. टोमॅटोच्या बिया आतड्यातून जातात, मूत्रपिंडात नव्हे. त्यांचे खडे बनत नाहीत. राहिले ऑक्सॅलेट. १०० ग्रॅम पालकात ते काहीशे मिलिग्रॅम असते, टोमॅटोत जेमतेम ५ ते १० मिलिग्रॅम. खडा होतो तो मुख्यतः लघवी घट्ट झाल्याने. खडा होऊन गेलेल्यांना दिवसाला दोन-अडीच लिटर लघवी व्हायला हवी. आपल्या ४५ अंशांच्या उन्हात त्यासाठी किती पाणी प्यावे लागेल, याचा हिशेब करा.

मग टोमॅटोचा फायदा काय? १०० ग्रॅममध्ये सुमारे १८ कॅलरी, ९४-९५ टक्के पाणी, १४ मिलिग्रॅमच्या आसपास क जीवनसत्त्व. हे क जीवनसत्त्व डाळ-भाकरीतले लोह शोषायला मदत करते. रक्त कमी असलेल्या बायकांना जेवणासोबत कच्ची कोशिंबीर खायला मी सांगतो ते याचसाठी. लाल रंग देणारे लायकोपीन मात्र शिजवून, थोड्या तेलासोबत जास्त मिळते. १९९५ मध्ये अमेरिकेत सुमारे ४८ हजार पुरुषांच्या पाहणीत टोमॅटो जास्त खाणाऱ्यांत प्रोस्टेटचा कॅन्सर कमी आढळला. पण पाहणीतला संबंध म्हणजे सिद्ध झालेला उपचार नव्हे. २००५ मध्ये अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनानेही पुरावा फार तोकडा असल्याचे सांगितले. तेव्हा टोमॅटो भाजीत घाला, कॅप्सूलवर पैसे घालू नका.

जळजळ होणाऱ्यांनी रात्री आंबट रस्सा टाळावा. ज्यांचे क्रिएटिनिन वाढलेले आहे किंवा डायलिसिस चालू आहे, त्यांनी टोमॅटो, केळी, नारळपाणी किती घ्यायचे ते आपल्या डॉक्टरांना पोटॅशियमचा रिपोर्ट दाखवून ठरवावे.