मोडीचा कागद आणि न उघडणारी फाइल

आष्ट्याच्या एका श्रोत्यानं विचारलंय, कॉलेजच्या नोट्स वहीत काढू की लॅपटॉपवर? आणि लॅपटॉपवर काढायच्या तर फुकटचं चांगलं सॉफ्टवेअर कुठलं? सॉफ्टवेअरचं सांगतो, पण शेवटी. आपला कार्यक्रम इतिहासाचा, तेव्हा आधी जुने कागद.

आष्टा आज सांगली जिल्ह्यात, वाळवा तालुक्यात. पण १९४९ च्या आधीचा कागद हातात घेतलात तर त्यावर जिल्हा सातारा दिसेल. त्या वर्षी दक्षिण सातारा वेगळा झाला आणि १९६० साली त्याचं सांगली झालं. या भागातली जुनी खरेदीखतं, गहाणखतं, सावकारी खाती बहुतेक मोडीत.

मोडी म्हणजे घाईत लिहायची लिपी. आधी कागदाच्या या कडेपासून त्या कडेपर्यंत रेघ ओढायची आणि तिला अक्षरं लटकवत जायचं. बोरू शक्यतो उचलायचा नाही, म्हणून अक्षरांना ती गोल वळणं. ऱ्हस्व-दीर्घाचा भेद बहुधा नाहीच, दोन शब्दांत जागा नाही, विरामचिन्हं नाहीत. कारकुनाचा हात चालला पाहिजे, बस्स. पोथीसाठी बाळबोध, कामासाठी मोडी. आजच्या भाषेत नोट्स काढायचीच लिपी म्हणा ना!

छपाईला मात्र ती जड गेली. विल्यम केरीनं १८१० मध्ये श्रीरामपूरला, म्हणजे बंगालातल्या, मराठी शब्दकोश मोडी खिळ्यांनी छापला खरा. पण वळणाची लिपी सुट्या खिळ्यांत बसवायची म्हणजे कसरतच. छापखाने बाळबोधीकडे गेले, मागोमाग शाळा गेल्या, आणि विसाव्या शतकाच्या मध्यावर मोडी शिकवणंच थांबलं.

परिणाम काय झाला? कागद शाबूत, शाई शाबूत, पण घरात वाचणारं कोणी नाही. भाऊबंदकीत जमिनीचा वाद निघाला की मोडी जाणणारा शोधत फिरायचं, आणि तो जे वाचेल त्यावर विश्वास ठेवायचा.

आता दुसरी गोष्ट, आमच्या घरातली. आजोबांना मोडी येत होती. त्यांनी जुनं बाड वाचून वंशावळ सांगितली, वडिलांनी ती २००१ साली एका डीटीपीवाल्याकडून टाइप करून घेतली. आजोबा गेले, प्रिंट वाळवीनं खाल्ली. फाइल उरली. उघडली तर पडद्यावर रोमन अक्षरांचा आणि चिन्हांचा नुसता काला! कारण तेव्हाचे बरेच मराठी फॉन्ट रोमन अक्षरांच्या जागी देवनागरीचे तुकडे बसवायचे. फाइलमध्ये ‘क’ नसायचाच. तो फॉन्ट विकणाऱ्या कंपनीचा, आणि फॉन्ट नसेल तर मजकूरही नाही. म्हणजे दीडशे वर्षांपूर्वीचा कागद मला वाचता येत नव्हता आणि वीस वर्षांपूर्वीची फाइलसुद्धा.

खरं तर १९९१ मध्येच युनिकोडच्या पहिल्या आवृत्तीत देवनागरीला स्वतःचे क्रमांक मिळाले होते. आपल्या गावातल्या टेबलापर्यंत ते पोचायला वेळ लागला, एवढंच. नंतर लोहितसारखे मुक्त फॉन्ट आले. २०१४ मध्ये मोडीलाही युनिकोडमध्ये जागा मिळाली, आणि नोटो सान्स मोडी हा फॉन्ट आज कुणीही उतरवून घेऊ शकतो. आमची वंशावळ शेवटी सुटली ती जुने फॉन्ट युनिकोडमध्ये बदलणाऱ्या एका मुक्त प्रोग्रॅममुळे. कुणीतरी हौसेनं लिहून ठेवलेला होता तो. दोन नावं अजून लागत नाहीत.

म्हणून ‘फुकट’ आणि ‘मुक्त’ यांत गल्लत नको. इंग्रजीत दोन्हीला एकच शब्द, त्यामुळे १९८३ मध्ये ग्नू प्रकल्प जाहीर करणाऱ्या रिचर्ड स्टॉलमनला हा फरक जन्मभर समजावत बसावं लागलं. आपल्याकडे दोन शब्द आहेत, वापरू या. फुकटचं ॲप उद्या बंद पडलं तर वही त्याच्याच कपाटात अडकते.

हातानं लिहिलेलं जास्त लक्षात राहतं का? २०१४ मध्ये म्यूलर आणि ओपनहायमर यांच्या प्रयोगात तसं दिसलं होतं, पण पुढे इतरांनी तो पुन्हा करून पाहिला तेव्हा फरक तितका ठळक निघाला नाही. त्यामुळे वहीवाल्यांनी फार मान ताठ करू नये, मीही त्यांतलाच.

तर आष्टेकर, टाइप करणार असाल तर जोप्लिन घ्या. मुक्त आहे, इंटरनेट नसताना चालतं, आणि नोट्स साध्या मजकुराच्या फाइल म्हणून बाहेर काढता येतात. पेन चालणारा पडदा असेल तर झुर्नाल प्लस-प्लस. त्यात हातानं लिहिता येतं, सरांनी दिलेल्या पीडीएफवरही खुणा करता येतात. मात्र अधूनमधून पीडीएफ काढून ठेवा. तसा पडदा नसेल तर खर्च करू नका. वही घ्या, पानावर तारीख टाका, आणि आठवड्यातून एकदा फोटो काढून विषयाच्या फोल्डरमध्ये टाका. आणि हो, घरात मोडीचं बाड असेल तर त्याचेही फोटो याच रविवारी काढा, वाचणारा नंतर शोधू.