तट नसलेला किल्ला

वायोमिंगमधील फोर्ट लॅरमी पाहताना मराठी माणसाची पहिली फसगत होते ती ‘किल्ला’ या शब्दाने. येथे ना तट, ना बुरूज. मोकळ्या पटांगणाभोवती बराकी आणि अधिकाऱ्यांची घरे. कातड्यांच्या व्यापारासाठी १८३४ साली वसलेले हे ठाणे लष्कराने १८४९मध्ये विकत घेतले आणि १८९०मध्ये सोडले. बराकीत सैनिकांचे बिछाने आजही ओळीने मांडून ठेवले आहेत. (आपल्या पडक्या गडांच्या आठवणीने ही टापटीप थोडी खुपतेच.)

पण या ठाण्याचे खरे शस्त्र तोफ नव्हे, कागद होता. ब्लॅक हिल्सचा डोंगराळ मुलूख सू लोकांचा, असे १८६८च्या येथील तहाने मान्य केले. १८७४मध्ये तेथे सोने सापडले. १८७७मध्ये अमेरिकी काँग्रेसने कायदा करून तो मुलूख काढून घेतला. ही भूमी भरपाईविना घेतली गेली, असे सर्वोच्च न्यायालयाने १९८० साली मान्य केले आणि दहा कोटी डॉलरांहून अधिक रकमेचा निवाडा कायम केला. सू लोकांनी ती रक्कम आजतागायत स्वीकारलेली नाही. त्यांची मागणी पैशाची नाही, डोंगरांची आहे.