वानगी आणि वस्त्र : फोर्ब्स वॉटसनचा नमुनासंग्रह (१८६६)

‘शितावरून भाताची परीक्षा’ ही म्हण एका गृहीतावर उभी आहे. एका भांड्यात एकाच आचेवर शिजलेली शिते सारखीच असतात; म्हणून एक शीत चेपून पाहिले असता सगळ्या भाताविषयी निर्णय करता येतो. कापडाच्या व्यापारात गिऱ्हाइकापुढे जो तुकडा ठेवला जातो, त्याचाही आधार हेच गृहीत असते. मांजरपाटाच्या बाबतीत ते यथार्थ आहे. थानाच्या एका टोकाला जे पोत, तेच दुसऱ्या टोकाला. परंतु लुगड्याला काठ असतात, पदर असतो आणि मधल्या भागाचे विणकाम या दोहोंहून वेगळे असते. अशा वस्त्राचा कोणता तुकडा कापावा, तो केवढा असावा आणि त्यासोबत काय लिहावे, हे प्रश्न वरवर दुकानदारीचे वाटतात. तथापि एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास एका मोठ्या उद्योगापुढे ते उभे राहिले, आणि त्यांना दिलेली उत्तरे इतिहासाच्या अभ्यासकाने लक्षात घ्यावीत अशी आहेत.

प्रथम शब्दांचा विचार करणे इष्ट होईल. मराठीत रूढ झालेला ‘नमुना’ हा फारसी शब्द ‘दाखविणे’ या अर्थाच्या क्रियापदापासून आला आहे. ईस्ट इंडिया कंपनीच्या दप्तरात नमुन्यासाठी ‘मस्टर’ हा शब्द वारंवार आढळतो. त्याचे मूळ पोर्तुगीज ‘मोस्त्रा’ होय, आणि त्याचाही अर्थ दाखविणे हाच. कंपनीच्या वखारीत विणकरांनी आणलेला माल मस्टराशी ताडून पाहिला जाई व त्यावरून त्याची प्रत ठरे. म्हणजे त्या काळी नमुना खरेदीदाराच्या हाती होता आणि हिंदुस्थानातील विणकराने त्याबरहुकूम विणावयाचे होते. १८६६ मध्ये या व्यवहाराची दिशा नेमकी उलटली. हिंदुस्थानी वस्त्रांचे नमुने लँकेशायरच्या कारखानदारांपुढे ठेवण्यात आले, ते त्यांनी त्याबरहुकूम विणावे म्हणून.

या उपक्रमाचा कर्ता जॉन फोर्ब्स वॉटसन (१८२७–१८९२) हा पेशाने वैद्य होता. १८५० मध्ये तो मुंबई लष्कराच्या वैद्यकीय खात्यात दाखल झाला आणि काही काळ ग्रँट मेडिकल कॉलेजात अध्यापनही करीत होता. पुढे विलायतेत परतल्यावर १८५८ पासून हिंदुस्थानातील उत्पादनांविषयीचा सरकारी वृत्तनिवेदक म्हणून त्याची नेमणूक झाली, आणि लंडनच्या इंडिया म्यूझियमचा कारभार त्याच्याकडे आला. तेथील साठ्यातील वस्त्रे कापून त्याने अठरा खंडांत ७०० नमुने बसविले आणि अशा संग्रहाचे वीस संच सिद्ध केले. सर्व संच मिळून तुकड्यांची संख्या १४,००० होते. सोबत त्याच वर्षी हिंदुस्थानातील वस्त्रोद्योग व वेशभूषा यांवरील त्याचा विवेचक ग्रंथही प्रसिद्ध झाला.

वॉटसनने आपला हेतू लपविलेला नाही. ही वस्त्रे हिंदी लोकांना मानवतात. ती विलायतेतून पुरवावयाची असतील तर त्यांचे अनुकरण करणे भाग आहे, असे त्याचे प्रतिपादन होते. विलायती माल येथे नापसंत होतो त्याचे एक कारण त्याला कारखानदारांच्या अज्ञानात दिसले. पोत उत्तम असूनही लांबीरुंदी चुकली, किंवा लांबीरुंदी बरोबर असूनही काठाची सजावट रुचली नाही, तर पागोटे वा धोतर विकले जात नाही, हे त्याने नेमके ओळखले होते. म्हणून प्रत्येक तुकड्याखाली त्याने अनुक्रमांक, वस्त्राचा प्रकार, अखंड वस्त्राची लांबी, रुंदी व वजन, स्थळ आणि किंमत ही माहिती दिली. तुकडा जे सांगू शकत नाही ते अक्षरांनी व आकड्यांनी सांगावे, ही त्यामागील योजना होय.

त्याचे वर्गीकरणही विचारपूर्वक केलेले आहे. मागावरून उतरताच नेसण्याजोगी किंवा गुंडाळण्याजोगी असणारी वस्त्रे एकीकडे आणि कापून शिवावयाचे थान दुसरीकडे, असा मूलभूत भेद त्याने केला. पागोटी, धोतरे, लुंग्या व साड्या पहिल्या वर्गात येतात. ज्या वस्त्रांना शिताचा न्याय लागू पडतो आणि ज्यांना पडत नाही, त्यांमधीलच हा भेद आहे. पहिल्या वर्गातील वस्त्राचा तुकडा कितीही काळजीने निवडला, तरी तो अपुराच राहणार. इरकली लुगड्याचे उदाहरण घ्यावे. त्याच्या पदराचा ताणा वेगळा असून तो मधल्या भागाच्या ताण्याशी फासांनी जोडलेला असतो. मधून कापलेल्या तुकड्यात या जोडणीचा मागमूसही राहत नाही. पैठणीच्या पदरावरील नक्षीचे बाणे एकमेकांत गुंतवून विणलेले असतात. केवळ किंमत आणि वजन वाचून ती क्रिया कळणारी नाही. चिठ्ठीवर गावाचे नाव आले, विणकराचे आले नाही. कारखानदाराला त्याची गरज नव्हती.

संच कोठे ठेवावेत, याविषयीचा निर्णयही बोलका आहे. वीसही संच विलायतेतच ठेवावेत असा मूळ विचार होता. नंतर तेरा तेथे ठेवून सात हिंदुस्थानात पाठविण्याचे ठरले. मँचेस्टर, प्रेस्टन, सॅलफर्ड, ब्रॅडफर्ड, ग्लासगो, बेलफास्ट अशा कापडाच्या शहरांना संच मिळाले. इकडे मुंबई, कलकत्ता व मद्रास यांना मिळाले. दोन्हीकडे एकच क्रमांकाचा एकच तुकडा असल्यास येथील अडत्याने नुसता क्रमांक कळवावा व तेथील कारखानदाराने माल समजावा, अशी सोय त्यामुळे होणार होती. नमुना हा येथे प्रदर्शनाची वस्तू न राहता दोन दूरस्थ व्यापाऱ्यांमधील सामाईक भाषा बनतो.

या भाषेची मर्यादा पुढील काळात दिसून आली. सुताच्या व साध्या कापडाच्या बाजारपेठेत विलायती मालाने येथील विणकरांचे फार मोठे नुकसान केले, यात संशय नाही. परंतु रंगीत काठपदरांची लुगडी पश्चिम हिंदुस्थानातील हातमागांवर विसाव्या शतकातही निघत राहिली. याचे श्रेय नमुन्याच्या अपुरेपणाला देणे चुकीचे ठरेल. गावोगावच्या भिन्न आवडी, थोडथोड्या नगांची मागणी आणि काठपदर विणण्यातील किचकटपणा ही त्याची कारणे होत. मात्र जे गुण यंत्राला गैरसोयीचे होते, तेच तुकड्यात न मावणारेही होते. वॉटसननेही सूक्ष्मदर्शकाखाली सुताची मापे घेऊन तलमपणात डाक्क्याच्या मलमलीचे श्रेष्ठत्व मान्य केले होते.

इंडिया म्यूझियम १८७९ मध्ये मोडले. नमुन्यांचे खंड मात्र अनेक ठिकाणी टिकले आहेत, आणि आज अभ्यासक त्यांकडे कारखानदाराच्या नव्हे तर संशोधकाच्या दृष्टीने पाहतात. तो उपयोग करताना एक गोष्ट विसरता कामा नये. ज्या वस्त्रांची साक्ष हे तुकडे देतात, ती वस्त्रे याच संग्रहासाठी कापली गेली. पदर कोठे संपत होता, हे सांगण्यास आता फक्त चिठ्ठीवरील लांबीचा आकडा उरला आहे.