तक्त्यात नसलेल्या रेषा

नोकरीत रुजू झालो की पहिल्या दिवशी एक तक्ता दाखवतात. सर्वात वर मोठे साहेब, खाली त्यांच्या हाताखालचे, तळाला आपण. अडलं की खरंच कोणाकडे जायचं, हे मात्र त्यात नसतं. ते आठवड्याभरात चहाच्या टपरीवर कळतं.

माणसं म्हणजे ठिपके आणि संबंध म्हणजे रेषा, हे सोशल नेटवर्क अ‍ॅनालिसिस आता आम्हा सॉफ्टवेअरवाल्यांच्या अंगवळणी पडलंय. पण कंपनीच्या आतली अशी चित्रं कम्प्युटरच्या आधी काढली गेली होती, तीही कागद-पेन्सिलीने.

शिकागोजवळ वेस्टर्न इलेक्ट्रिकचा हॉथॉर्न कारखाना होता. तिथे टेलिफोनची सामग्री बनायची. नोव्हेंबर १९३१ ते मे १९३२ या काळात तिथल्या १४ कामगारांना एका वेगळ्या खोलीत बसवलं: ९ तारा जोडणारे, ३ सोल्डरिंग करणारे, २ तपासनीस. एक निरीक्षक तिथेच बसून सगळं टिपायचा. ऑस्ट्रेलियातल्या आदिवासींचा अभ्यास करून आलेले मानववंशशास्त्रज्ञ लॉइड वॉर्नर यांचा या कामात सल्ला होता. टोळी जशी पाहायची, तशीच खोली पाहायची!

रोथलिसबर्गर आणि डिक्सन यांनी १९३९ साली ‘मॅनेजमेंट अँड द वर्कर’ या ग्रंथात ती चित्रं छापली. कोण कोणाबरोबर खेळतं, खिडकी उघडण्यावरून कोण भांडतं, कोण कोणाला मदत करतं, मैत्री कोणाची, वैर कोणाचं. ती शेजारीशेजारी ठेवल्यावर खोलीतले दोन गट दिसले, एक पुढचा आणि एक मागचा. काहीजण दोन्हींच्या बाहेर होते.

दिवसाचं ‘योग्य’ कामही या मंडळींनी आपसात ठरवलं होतं. फार भराभर काम करणाऱ्याच्या दंडावर ठोसा बसायचा. फार कमी करणाऱ्यालाही टोमणे ऐकावे लागायचे. सगळ्यात कमी काम करणारा गडी बुद्धीच्या चाचणीत पहिला आणि हाताच्या चपळाईत तिसरा होता. म्हणजे एकेकट्या माणसाचा आकडा त्याच्या कुवतीबद्दल फारसं सांगत नव्हता.

हे वाचताना मला आमचा एक सहकारी आठवला. माणसं कमी करायची वेळ आली, तेव्हा कंपनीने प्रत्येकाने किती तिकिटं बंद केली ते मोजलं. आम्ही सगळे अडलो की ज्याच्याकडे जायचो, तो यादीत तळाला होता. तो गेला. मला वाटलं, आमच्या चॅटमधून रेषा काढल्या असत्या, तर तो मधोमध दिसला असता आणि वाचला असता.

आता तितकी खात्री वाटत नाही. हॉथॉर्नचे कामगार हात आखडता घेत, कारण जास्त काम दिसलं तर दर कापतील, कोणाची तरी नोकरी जाईल, ही धास्ती होती. मंदीत काम आटलं आणि तो अभ्यासही थांबला. धास्ती काही हवेतली नव्हती. खोलीची सूत्रं कोणाच्या हातात आहेत, हे त्याच रेषांवरून मालकालाही कळलं असतं.

म्हणूनच निरीक्षकाला एक दंडक होता: इथलं वरिष्ठांना सांगायचं नाही. पुस्तकातही माणसांना नावं नाहीत, अक्षरं आणि आकडे आहेत. हळूहळू कामगार त्याच्यासमोर मोकळेपणी नियम मोडू लागले.

आमच्या चॅटची नोंद सर्व्हरवर असते. तिथे असा शब्द कोणी कोणाला दिलेला नाही.