‘मिबेक’ आणि ‘बेकजोंग’ : एका पांढऱ्या अक्षराचा इतिहास

माझी मामेबहीण दोन वर्षं सोलला नोकरीला होती. परत येताना तिने मला एक जड, सोनेरी पेटी आणून दिली. आत सीरम, क्रीम, डोळ्यांखाली लावायची बारकी डबी आणि एक चिमुकला चमचा. क्रीम बोटाने घ्यायचं नाही, चमच्याने घ्यायचं! किंमत विचारली तर ती हसली आणि तिने विषय बदलला. नंतर मी मोबाइलवर शोधली. आमच्या वस्तीत चार घरची धुणीभांडी करणाऱ्या मावशींना महिन्याला जेवढे मिळतात त्याहून ती जास्त निघाली.

आता चळवळीत काम करणारी बाई म्हणून मी ही पेटी तत्त्वासाठी परत केली, असं लिहायला बरं वाटलं असतं. पण मी ती परत केली नाही. आठ आठवडे रोज रात्री नेमाने लावली. पस्तिशी ओलांडली आहे, उन्हातान्हात वस्त्या फिरून गालांवर वांग आला आहे, आणि ‘उजळपणा’ व ‘तारुण्य’ ही दोन्ही आश्वासनं पेटीवर छापलेली होती. त्यामुळे उत्सुकता होती हे खोटं कशाला सांगू?

अनुभव असा. जिनसेंगचा वास ओल्या मुळीसारखा. पहिल्या रात्री नको वाटला, चौथ्या रात्री सवय झाली. कातडी मऊ पडली. थंडीत ओठांभोवती निघणारी सालपटं थांबली. वांग किंचित फिका झाला असावा, पण त्याच आठ आठवड्यांत मी आयुष्यात पहिल्यांदा नियमाने सनस्क्रीनही लावत होते, त्यामुळे श्रेय कुणाचं ते ठरवता येणार नाही. हसल्यावर डोळ्यांच्या कडेला पडणाऱ्या रेघा जागच्या जागी आहेत. आईने दिलेला रंग होता तोच आहे.

पण हा लेख माझ्या गालांवर नाही. पेटीच्या मागच्या बाजूला इंग्रजीत ‘ब्राइटनिंग’ लिहिलं होतं. त्याच ठिकाणी कोरियन अक्षरांत काय लिहिलंय, असं मी बहिणीला विचारलं. तिने वाचलं, ‘मिबेक’. ‘मि’ म्हणजे सौंदर्य, ‘बेक’ म्हणजे पांढरं. दोन्ही अक्षरं मूळची चिनी. हा ‘बेक’ मी आधी कुठे तरी वाचला होता. एम.ए.ला असताना भारताबाहेरच्या अस्पृश्यतेवर एक टिपण लिहिलं होतं, त्यात कोरियातल्या ‘बेकजोंग’ लोकांचा उल्लेख होता. पाहिलं, तर तेच अक्षर. ज्या ‘पांढऱ्या’साठी आज बायका पैसे मोजतात, तोच ‘पांढरा’ शब्द कोरियाने आपल्या अस्पृश्यांच्या नावाला चिकटवला होता.

हे कसं झालं ते नीट पाहिलं पाहिजे.

बेकजोंग म्हणजे जनावरं कापणारे, कातडी कमावणारे, वेताच्या टोपल्या विणणारे लोक. कोरियावर जोसॉन घराण्याचं राज्य १३९२ पासून १९१० पर्यंत होतं. त्याआधीच्या काळात ‘बेकजोंग’ हा शब्द हलका नव्हताच. राज्याचं ठरावीक काम ज्यांच्या वाट्याला आलेलं नाही, असे साधे शेतकरी म्हणजे बेकजोंग. ‘पांढरं’ म्हणजे इथे कोरं, साधं. कसायी आणि भटक्या कारागिरांना वेगळी, हिणवणारी नावं होती. १४२३ साली राजा सेजोंगने (कोरियन लिपीचा जनक तो हाच) ती जुनी नावं रद्द करून त्यांना ‘बेकजोंग’ हे नाव दिलं. हेतू असा की सन्मानाचं नाव मिळालं की हे लोक समाजात मिसळून जातील. झालं काय? लोक त्यांना ‘नवे बेकजोंग’ म्हणू लागले, आणि साध्या शेतकऱ्यांनी ते नावच टाकून दिलं. काही काळाने ‘बेकजोंग’ ही शिवी झाली. नाव वर चढलं नाही. माणसांना ज्या जागी ठेवलं होतं त्या जागेने नावालाच खाली ओढलं.

आपल्याला ही गोष्ट ओळखीची वाटेल. १९३८ साली मुंबईच्या विधिमंडळात ‘हरिजन’ हा शब्द कायद्यात घालण्याला विरोध करून बाबासाहेब आणि स्वतंत्र मजूर पक्षाचे आमदार सभात्याग करून बाहेर पडले. मूळ जागा न हलवता वरची पाटी बदलण्याचा उद्योग त्यांनी बरोबर ओळखला होता.

बेकजोंगांवरची बंधनं वाचताना तर आपण आपलाच इतिहास वाचतोय की काय असं होतं. गावाबाहेर वस्ती. कौलारू घर बांधायचं नाही. रेशीम नेसायचं नाही. प्रतिष्ठित पुरुष घोड्याच्या केसांची काळी टोपी घालत, ती बेकजोंगाला मना. त्याने बांबूची टोपी घालायची, म्हणजे लांबूनच कळावं. लग्नात पालखी नाही, मयताला तिरडीचा मान नाही. मुलाच्या नावात दया, न्याय, निष्ठा, पितृभक्ती असल्या अर्थाची अक्षरं घालायची नाहीत.

इथे एक गोष्ट ध्यानात घ्या. ही टोपीची सक्ती कशासाठी होती? चेहरा पाहून बेकजोंग ओळखू येत नव्हता म्हणून! त्याचा वंश तोच, भाषा तीच, रंगही तोच. फरक दिसत नव्हता, म्हणून तो डोक्यावर चढवावा लागला. बाबासाहेबांनी ‘जातिनिर्मूलन’ (१९३६) मध्ये हाच मुद्दा भारताबाबत मांडला: जात म्हणजे वंशभेद नव्हे, पंजाबातला ब्राह्मण आणि पंजाबातला चांभार हे एकाच वंशाचे आहेत. पुढे ‘द अनटचेबल्स’ (१९४८) मध्ये त्यांनी नाकांच्या मापांची आकडेवारी घेऊन वंशाचा सिद्धांत खोडून काढला. आपल्याकडे अजूनही ‘आर्य गोरे, आपण काळे’ हे सांगत फिरणारे कार्यकर्ते आहेत. त्यांनी एकदा कोरियाकडे पाहावं. गोरेपणा असूनही अस्पृश्यता शतकानुशतके टिकू शकते याचा तो ढळढळीत पुरावा आहे.

मग कोरियात गोऱ्या कातडीला मोल आलं कुठून? उन्हातून. ‘यांगबान’ म्हणजे जमीनदार-विद्वान वर्ग घरात बसून ग्रंथ वाचायचा, त्यांच्या बायका आतल्या वाड्यात. भातखाचरात उभा राहायचा तो शेतकरी, आणि त्याच्याही खाली ‘नोबी’, म्हणजे वंशपरंपरेने गुलाम असलेली माणसं. काही काळात लोकसंख्येचा जवळजवळ तिसरा हिस्सा नोबींचा होता असा इतिहासकारांचा अंदाज आहे. काळवंडलेली कातडी म्हणजे राबणारी कातडी. गोरेपणा हा रंग कमी आणि सात-बाराचा उतारा जास्त होता.

म्हणून राजवाड्याच्या नावाने विकल्या जाणाऱ्या डब्यांची मला गंमत वाटते. ‘द हिस्ट्री ऑफ हू’ नावाचा महागडा ब्रँड २००३ साली बाजारात आला. यातला ‘हू’ म्हणजे राणी. जाहिरातीचा सगळा रोख राणीवशातल्या गुप्त सौंदर्यकृतींवर. नावातच ‘हिस्ट्री’ आहे म्हणून विचारते, इतिहास कुणाचा? त्या राजवाड्यात पाणी भरणाऱ्या, कपडे धुणाऱ्या, औषधं कुटणाऱ्या बायका मुख्यतः सरकारी नोबींच्या घरांतून आणल्या जात. राणीच्या चेहऱ्याला लावायचं ते काही राणी स्वतः वाटत नव्हती. सरकारी नोबींच्या नोंदवह्या १८०१ साली जाळण्यात आल्या आणि १८९४ च्या सुधारणांनी गुलामी व जन्माची उतरंड कायद्याने संपवली. त्या बायकांच्या नावाने मात्र अजून एकही डबी निघालेली नाही.

बुद्धिस्ट वाचकांसाठी एक कंस. जोसॉन काळात हलक्या मानलेल्या आठ गटांची यादी सांगितली जाते. तीत नोबी, बेकजोंग, गणिका, मांत्रिक स्त्रिया यांच्यासोबत बौद्ध भिक्खूही होते! कन्फ्युशियन राज्याने भिक्खूंना राजधानीच्या वेशीतून आत यायला बंदी घातली होती, ती १८९५ मध्ये उठली. आज त्याच शहरात विहाराच्या मुक्कामाची पर्यटकांना जाहिरात केली जाते.

सौंदर्यप्रसाधनांचा आधुनिक धंदा सुरू झाला तो जपानी राजवटीत, आणि सुरुवातच विषाने झाली. सोलमधले व्यापारी पाक सुंग-जिक यांच्या दुकानातून ‘बाकगाबुन’ नावाची पांढरी पावडर विकली जाई. १९२० साली तिची नोंदणी झाली. पुढे ‘दूसान’ या बड्या उद्योगसमूहाचं मूळ ज्या दुकानात सांगितलं जातं, ते हेच. पावडर खूप चालली, कारण तिच्यात शिसं होतं आणि शिशामुळे ती चेहऱ्याला घट्ट धरायची. जास्त वापर गणिकांचा, कारण रोज पांढरं दिसणं हे त्यांचं काम. हळूहळू त्यांची कातडी खराब होऊ लागली, शिशाची बाधा झाल्याच्या तक्रारी आल्या, आणि १९३७ मध्ये उत्पादन बंद पडलं. विषाची किंमत कुणी चुकवली ते पुन्हा पाहा: त्या आठांच्या यादीतल्याच बायकांनी.

याच काळात, १९२३ च्या एप्रिलमध्ये, जिंजू गावात बेकजोंगांनी ‘ह्योंगप्योंगसा’ स्थापन केली. नावातला ‘ह्योंगप्योंग’ म्हणजे तराजूचा समतोल. खाटकाच्या हातातला तराजू त्यांनी समतेचं चिन्ह केला! सेजोंगने नाव बदललं त्याला बरोबर पाचशे वर्षं झाली होती. गुलामी कायद्याने संपून जवळजवळ तीन दशकं झाली होती, तरी मुलांना शाळेत घेत नव्हते आणि सरकारी नोंदीत त्यांच्या नावापुढे खूण केली जात होती. यी हाक-चान या सधन बेकजोंगाच्या मुलांना शाळेने नाकारलं ही ठिणगी ठरली. सवर्णांची प्रतिक्रियाही ठरलेलीच: जिंजूतल्या शेतकऱ्यांनी मोर्चे काढले आणि बेकजोंगांकडून गोमांस घेण्यावर बहिष्कार टाकला. त्यानंतर चार वर्षांनी महाडला आपण चवदार तळ्यावर गेलो, आणि तिथेही आपल्यावर काठ्या पडल्या.

त्यांच्या मागण्या होत्या शाळा, नोंदीतली खूण पुसणं, अपमानकारक शब्द बंद करणं. उजळ दिसण्याचा प्रश्नच नव्हता. सोलमधल्या पाक सुंग-चुन या बेकजोंगाचा मुलगा पाक सो-यांग १९०८ मध्ये डॉक्टर झाला, पाश्चात्त्य वैद्यकाची पदवी घेणाऱ्या कोरियातल्या पहिल्या तुकडीत. त्याने टोपीही बदलली आणि रोग्याची नाडीही धरली.

धंद्याचा पुढचा इतिहास थोडक्यात सांगते. केसोंग या जिनसेंगच्या पेठेत युन दोक-जोंग नावाची बाई १९३२ पासून कॅमेलियाच्या बियांचं केशतेल काढून विकायची. तिच्या मुलाने १९४५ मध्ये कंपनी काढली, तीच आजची ‘आमोरेपॅसिफिक’. १९६६ मध्ये त्यांनी जिनसेंगचं क्रीम आणलं, १९९७ मध्ये ‘सुल्वासू’ हा महागडा ब्रँड. ‘सुल्वा’ म्हणजे हिमपुष्प, पुन्हा पांढरं. एका बाईच्या घरातल्या घाण्यातून एवढा पसारा उभा राहिला याचं मला कौतुकच आहे. १९६४ पासून घरोघरी फिरून माल विकणाऱ्या हजारो बायका त्यांनी उभ्या केल्या, त्यात युद्धात नवरे गमावलेल्याही होत्या. त्या बायका उन्हात चालत गोरेपणा विकत होत्या, हेही खरं.

आता विज्ञान. दक्षिण कोरियात २००० सालापासून लागू झालेल्या कायद्याने ‘कार्यकारी प्रसाधनं’ असा वेगळा वर्ग केला: मिबेक, सुरकुत्या कमी करणं, उन्हापासून संरक्षण. त्यासाठी घटकांची यादी प्रमाणासह ठरवली. उजळपणासाठी नायासिनमाइड २ ते ५ टक्के, आर्ब्युटिन २ ते ५ टक्के. सुरकुत्यांसाठी अडेनोसिन ०.०४ टक्के. नायासिनमाइड काय करतं, तर कातडीत तयार झालेलं रंगद्रव्य वरच्या पेशींपर्यंत पोचायला अडथळा आणतं. त्यामुळे डाग फिके होऊ शकतात. जन्माचा रंग पुसला जात नाही. यादीत जिनसेंग नाही, सोनेरी झाकण नाही, राणी तर नाहीच. माझ्या पेटीवर बहिणीने वाचून दाखवलेली नावं होती नायासिनमाइड आणि अडेनोसिन. तीच दोन नावं तिने स्वतःसाठी आणलेल्या प्लास्टिकच्या साध्या ट्यूबवरही होती, आणि ती ट्यूब एका जेवणाच्या पैशात आली होती. उरलेले हजारो रुपये कशाचे? यांगबानाच्या वाड्याचे.

‘ब्राइटनिंग’ या शब्दाकडे परत येते. परदेशी गिऱ्हाइकाला ‘व्हाइटनिंग’ शब्द खटकू लागला तसा इंग्रजी लेबलवर ‘ब्राइटनिंग’ आला. कोरियन अक्षरांत ‘मिबेक’ जागेवर आहे. आपल्याकडे १९७५ पासून विकलं जाणारं ‘फेअर अँड लव्हली’ २०२० मध्ये ‘ग्लो अँड लव्हली’ झालं. सेजोंगचीच युक्ती, फक्त आता ती राजा नाही, कंपनी करते. वस्तीतल्या दुकानात आजही पोरी जुन्याच नावाने मागतात आणि दुकानदार न विचारता नवी ट्यूब काढून देतो.

माझी पेटी अजून अर्धी शिल्लक आहे. परवा अभ्यासिकेतली एक मुलगी घरी आली होती. बारावीला आहे, सावळी. पाहुणे बघायला येणार म्हणून आजीने तिला बेसन-हळद सुरू करून दिली आहे. पेटी पाहून म्हणाली, “ताई, मी लावून बघू का?” मी चमचा तिच्या हातात दिला. तिने वास घेतला, नाक मुरडलं आणि विचारलं, “हे लावून अ‍ॅडमिशनपर्यंत पाहुणे पुढे ढकलता येतील का?” मग आम्ही दोघी तिच्या आजीला काय सांगायचं ते ठरवत बसलो.