मुद्रा राजाची, नाव लोकांचे : बिदर-कलबुर्गीच्या नाण्यांतून दिसणारा भाषेचा इतिहास

सीमाभागाच्या इतिहासाची चर्चा आपण बहुधा १ नोव्हेंबर १९५६ पासून सुरू करतो. राज्य पुनर्रचना झाली, हैदराबाद संस्थानाचे तुकडे झाले आणि बिदर व गुलबर्गा या जिल्ह्यांचा मोठा भाग तत्कालीन म्हैसूर राज्यात गेला, हे खरे. पण या भूमीतील भाषांचे परस्परसंबंध त्याहून फार जुने आहेत, आणि त्यांची साक्ष देणारा एक नि:पक्षपाती साक्षीदार आजही जमिनीतून वर येत असतो. तो साक्षीदार म्हणजे नाणे. ताम्रपट एखाद्याच घराण्याच्या पेटीत राहतो, पण नाणे बाजारात फिरते. म्हणून लोक काय बोलत होते आणि कोणाशी व्यवहार करीत होते, याचा पुरावा म्हणून नाण्याचे मोल मोठे आहे.

आरंभ सातवाहनांपासून करू. कलबुर्गी जिल्ह्यातील सन्नती आणि त्याजवळील कनगनहळ्ळी येथील बौद्ध स्तूपाच्या अवशेषांनी हा प्रदेश सातवाहनकाळी किती संपन्न होता हे दाखवून दिले आहे. या घराण्याच्या काही राजांनी स्वतःच्या मुखवट्याची चांदीची नाणी पाडली. त्यांच्या एका बाजूस प्राकृत लेख आहे, तर दुसऱ्या बाजूस त्याच आशयाचा द्राविडी भाषेतील लेख आहे. ती भाषा तमिळ म्हणावी की तेलुगू, याविषयी विद्वानांत मतभेद आहेत. पण द्वैभाषिकत्वाविषयी नाहीत. ज्या प्राकृत परंपरेतून पुढे मराठी आकारास आली ती एका अंगास आणि दक्षिणेची भाषा दुसऱ्या अंगास, अशी ही रचना. सुमारे अठराशे वर्षांपूर्वीच्या राज्यकर्त्याला एकाच नाण्यावर दोन भाषा नांदविण्यात काही अडचण वाटली नाही, हे आपण ध्यानी ठेवावे.

त्यानंतर कल्याणी चालुक्यांचा काळ येतो. आजचे बसवकल्याण हीच त्यांची राजधानी. विक्रमादित्य सहावा (१०७६–११२६) याच्या काळात येथेच विज्ञानेश्वराने याज्ञवल्क्यस्मृतीवर ‘मिताक्षरा’ ही टीका लिहिली. वकिलीच्या व्यवसायात असलेल्या आम्हांस या ग्रंथाचे महत्त्व वेगळे सांगावयास नको. बंगालचा भाग वगळता देशाच्या बहुतेक भागांत हिंदू कुटुंबाच्या वारसाहक्काचा निवाडा शतकानुशतके याच ग्रंथाच्या आधारे होत आला. परंतु मिताक्षरेत नाण्यांचाही विचार आहे, हे सहसा सांगितले जात नाही. मूळ स्मृतीत ‘नाणक’ हा शब्द येतो, ज्याच्याशी आपले ‘नाणे’ जोडलेले आहे. नाणक म्हणजे मुद्रेने अंकित केलेले द्रम्म, निष्क इत्यादी, असा त्याचा अर्थ विज्ञानेश्वर उलगडतो. खोटी नाणी पाडणाऱ्यास उत्तम साहस दंड, म्हणजे १०८० पण, सांगितला आहे. त्याहून मार्मिक आहे तो नाणी पारखणाऱ्याविषयीचा नियम. जो पारखी खोट्या नाण्यास खरे म्हणतो त्याला जो दंड, तोच दंड खऱ्या नाण्यास खोटे म्हणणाऱ्यालाही आहे. खऱ्याला खोटे ठरविणे हाही तितकाच मोठा अपराध, हे तत्त्व आपल्याच कल्याणनगरीत विवरले गेले.

१३४७ मध्ये बहमनी राज्य स्थापन झाले. गुलबर्ग्याचे नाव अहसनाबाद ठेवले गेले. पुढे अहमदशहा वलीच्या कारकिर्दीत (१४२२–१४३६) राजधानी बिदरला आली व बिदर मुहम्मदाबाद झाले. ही दोन्ही नावे टाकसाळींची नावे म्हणून बहमनी नाण्यांवर आढळतात. सुमारे ११ ग्रॅम वजनाचा चांदीचा टंका हे या राज्याचे मुख्य नाणे, आणि त्यावरील लिपी अरबी. तथापि बाजार एवढ्याने बदलला नाही. फेरिश्ता सांगतो की, पहिल्या मुहम्मदशहाच्या काळात सराफ सुलतानाची नाणी वितळवून टाकीत आणि विजयनगरचे होन व प्रताप चलनात राखीत. सुलतानाने त्यांना देहान्त शासन केले. फेरिश्ता या घटनेनंतर दोन शतकांहून अधिक काळाने लिहीत होता, हे लक्षात घेऊनही त्यातून एक गोष्ट स्पष्ट होते : टाकसाळ सत्तेच्या हाती असली तरी कोणते नाणे घ्यावे हे रयत आपल्या विश्वासावर ठरवीत असे.

याच बिदरच्या बादशहाची कथा महाराष्ट्रातील घराघरांत सांगितली जाते. मंगळवेढ्याच्या दामाजीपंतांनी दुष्काळात सरकारी कोठार लुटविले, आणि विठ्ठल महाराच्या रूपाने बिदरला जाऊन धान्याची किंमत दरबारात चुकती करून आला. हा इतिहास नव्हे, श्रद्धेची कथा आहे. पण पंढरीच्या देवाने बिदरच्या दरबारात पैसे मोजून पावती घेतली असे मराठी मनाने कल्पिले, तेव्हा त्या मनाला बिदर परके वाटत नव्हते, एवढे तरी निश्चित.

आता शब्दांकडे वळू. कन्नडमध्ये ‘होन्नु’ म्हणजे सोने. त्यावरून ‘होन’ हा शब्द मराठीत आला. १६७४ मध्ये राज्याभिषेकप्रसंगी शिवछत्रपतींनी ‘श्री राजा शिव’ आणि ‘छत्रपति’ ही अक्षरे कोरलेले जे सुवर्णनाणे पाडले, त्याचे नाव होनच. म्हणजे मराठी सार्वभौमत्वाच्या सर्वोच्च चिन्हाने नागरी अक्षरे धारण केली आणि कन्नड कुळातले नाव. त्यात कोणालाही कमीपणा वाटला नाही. ‘टंका’पासूनचा ‘टका’ आपल्या बोलीत रुजला, ‘द्रम्म’ झिजत ‘दाम’ झाला आणि दामाची दमडी झाली. तेलुगूत पैशाला ‘डब्बु’ म्हणतात, तर आपल्याकडे जाड तांब्याचा ढब्बू पैसा होता. भाषा अशाच एकमेकींच्या कनवटीला हात घालीत श्रीमंत होतात.

निजामाच्या राजवटीत येथे ‘हाली सिक्का’ चाले, तर इंग्रजी मुलखात ‘कलदार’. सात हाली रुपये म्हणजे सहा कलदार, असा साधारण हिशेब. त्यामुळे सोलापूरच्या बाजारात माल नेणाऱ्या आळंदच्या व्यापाऱ्याला दोन चलनांचे गणित तोंडपाठ ठेवावे लागे. संस्थानाची राजभाषा उर्दू होती आणि मराठी शाळांची आबाळ होती; त्या राजवटीचे गोडवे गाण्याचे कारण नाही. तरीही १९१८ पासून निघालेल्या हैदराबादी नोटांवर उर्दू व इंग्रजीबरोबर मराठी, तेलुगू व कन्नड या तिन्ही भाषांत रक्कम छापलेली असे. आपल्या प्रजेला तीन भाषांत वाचावे लागते, एवढे त्या सरकारी छापखान्यालाही मान्य होते.

मग १९५६ आले. १ नोव्हेंबरला राज्य बदलले आणि बरोबर पाच महिन्यांनी, १ एप्रिल १९५७ रोजी, दशमान पद्धतीने नाणेही बदलले. सोळा आण्यांचा आणि चौसष्ट पैशांचा रुपया शंभर नव्या पैशांचा झाला. भालकी, औराद, हुमनाबाद, बसवकल्याण, आळंद येथील सामान्य माणसाने अर्ध्या वर्षाच्या आत दोन्ही स्थित्यंतरे पचविली. आणे, चवल्या, पावल्या गेल्या; पण ‘सोळा आणे खरे’ हे बोलणे राहिले. सरकारने नाणे मागे घेतले, त्याचे नाव घेणारी जीभ मात्र मागे घेता आली नाही.

यातून आपल्यापुढे दोन कर्तव्ये उभी राहतात. पहिले असे की, शेत नांगरताना वा जुना वाडा पाडताना नाणी सापडली तर ती सोनाराच्या मुशीत जाऊ देऊ नयेत. भूमिगत द्रव्याची वर्दी महसूल अधिकाऱ्यास देणे कायद्याने बंधनकारक आहे. आणि वितळलेले नाणे म्हणजे आपल्याच बाजूचा फाडून टाकलेला दस्तऐवज होय. दुसरे असे की, घरातील वृद्धांच्या तोंडचे चवली, अधेली, रुका, छदाम हे शब्द, जुन्या मोडी वह्या आणि हाली सिक्क्यातील खरेदीखते जतन करावीत.

आजही रिझर्व्ह बँकेच्या नोटेवरील भाषापट्टीत कन्नड आणि मराठी काही ओळींच्या अंतराने एकाच चौकटीत नांदतात. सीमाभागातील मराठी माणसाची मागणी याहून वेगळी नाही. त्याला कन्नडचा द्वेष नाही. होन हा शब्द ज्या भाषेने दिला तिचा द्वेष तो कसा करील? त्याचे म्हणणे इतकेच की, या मातीत पिढ्यान्‌पिढ्या चाललेल्या त्याच्या भाषेला कोणी खोटे नाणे म्हणू नये. खऱ्याला खोटे म्हणणाऱ्या पारख्यास काय दंड, हे कल्याणच्या विज्ञानेश्वराने नऊशे वर्षांपूर्वीच सांगून ठेवले आहे.